दमवून न्यावा की चटई शिकवावी?

शाळेतल्या मुलांसोबत काम करणारा थेरपी डॉग (सोबतीने दिलासा देणारा, शिकवलेला कुत्रा) फार उत्साही असेल, तर सांभाळणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. जाण्याआधी त्याला भरपूर पळवून दमवायचं, किंवा चटईवर आलं की अंग सैल सोडायची सवय लावायची.

दमवणं आजच्या आज जमतं. पण रोज चेंडूमागे धावून कुत्र्याचा दम वाढत जातो; आज २० मिनिटांत थकणारा पुढे तेवढ्यात थकत नाही. शिवाय अंग दमलं तरी डोक्यातली उत्तेजना तशीच राहू शकते, आणि घंटा वाजली की थकवा पळतो. पळवण्यापेक्षा सैल दोरीवर निवांत वास घेत फिरवलेलं बरं.

चटईला आठवडे लागतात. आधी रिकाम्या खोलीत: आडवा झाला की खाऊ पुढच्या पंजांच्या मधे ठेवायचा. हातातून द्यायचा नाही, नाहीतर तो हाताकडे बघत ताठ बसून राहतो. मग लांब बसलेलं एक मूल. मग चालणारं. मग दोघं-तिघं, खिदळणारी. मुलं जवळ आणायची त्या दिवशी गोंगाट वाढवायचा नाही; इथेच बहुतेकांची घाई होते. खाऊ घेईनासा झाला तर रागावू नका, मुलांना मागे सरकवा.

मी चटईच्या बाजूचा. दमलेला कुत्रा शांत दिसतो, पण त्याची सहनशक्तीही आटलेली असू शकते. ओठ चाटणं, जांभई, मान फिरवणं अशी ताणाची चिन्हं दिसली की चटई गुंडाळून बाहेर पडायचं, मुलं कितीही ‘अजून थोडं’ म्हणाली तरी.