नॅलोक्सोन: नाकातला स्प्रे घ्यावा की कुपी-सिरिंज?

औषध दोन्हींत एकच. फेंटानिल (अफूसारखं काम करणारं कृत्रिम, जबर वेदनाशामक) किंवा हेरॉइनच्या ओव्हरडोसने थांबत आलेला श्वास ते परत आणतं. प्रश्न एवढाच, की घरात कोणतं ठेवायचं?

कुपीची बाजू कमकुवत नाही. एका वेळी 0.4 मिलिग्रॅम देता येतं, लागलं तर आणखी. माणूस त्यामानाने सावकाश शुद्धीवर येतो. नशा एकदम उतरल्याने होणाऱ्या उलट्या, घाम, अंगाची थरथर कमी होते. स्प्रेतून 4 मिलिग्रॅम एकदम जातं. अर्धंअधिक नाकातच वाया जातं हे धरलं, तरी झटका मोठा. तुम्ही नर्स असाल, सुईला हात सरावलेला असेल, तर कुपी घ्या. मी वाद घालणार नाही.

मला अडलं ते औषध ओढून घेताना. झाकण उडवायचं, रबरातून सुई घालायची, चिमुकली कुपी उलटी धरायची आणि टोक औषधात बुडालेलं ठेवत दांडा ओढायचा. टोक जरा वर सरकलं की सिरिंजमध्ये हवा. प्रशिक्षणात भरपूर उजेड होता, टोचायला समोर संत्रं होतं, तरी आमच्यापैकी बहुतेकांच्या सिरिंजमध्ये हवाच यायची. खरी वेळ येईल तेव्हा समोर आपलं माणूस असेल, ओठ निळे पडलेले (आपल्या सावळ्या रंगावर ते राखाडी दिसतात). स्प्रेला पाकीट सोलायचं, नाकपुडीत घालायचा, अंगठा दाबायचा. बस.

आता 8 मिलिग्रॅमचाही स्प्रे निघाला आहे. न्यूयॉर्क राज्य पोलिसांच्या अनुभवाचा 2024 साली आलेला अहवाल सांगतो, की त्याने जास्त जीव वाचले नाहीत, त्रास मात्र वाढला. मला तरी 4 पुरेसा वाटतो. न्यू जर्सीत 14 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही राज्याच्या योजनेतल्या फार्मसीत तो नाव न सांगता फुकट मिळतो.

घेतलात तर चालतो का म्हणून दाबून बघू नका. आत एकच डोस असतो. आधी 911 ला फोन, मग स्प्रे, मग आपल्या तोंडाने त्याला श्वास द्यायचा. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा स्प्रे. असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी त्याला एकटं सोडू नका. आणि हिवाळ्यात गाडीत ठेवू नका: उणे 15 अंश सेल्सिअसखाली स्प्रे गोठतो.