आयपी मेसेंजर: मेसेज पोचतो, फाईल अडते. काही महिन्यांच्या वापरानंतर

पंधरा-वीस कॉम्प्युटरचं ऑफिस, एकच लॅन (ऑफिसातलं आपसातलं नेटवर्क) आणि दिवसभर इकडून तिकडे फिरणाऱ्या पीडीएफ आणि एक्सेल शीट. एवढ्या गरजेला आयपी मेसेंजर आजही पुरतो. जपानच्या शिरोउझू हिरोआकी यांनी १९९६ साली आणलेला, लॅनवर मेसेज आणि फाईल पाठवण्याचा हा छोटासा प्रोग्राम. त्याला सर्व्हर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, अकाउंट काढायला लागत नाही. दिसायला जुनाट आहे, पण काम चोख करतो. तक्रार येते ती एकच, आणि जिथे जिथे तो वापरात आहे तिथे येतेच: मेसेज जातो, पण जोडलेली फाईल उतरत नाही.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या, नाहीतर चुकीच्या कॉम्प्युटरवर तासभर डोकं फोडाल. मेसेज यूडीपीने (आधी जोडणी न करता पाकीट पाठवून देण्याची पद्धत), २४२५ या पोर्टवर (कॉम्प्युटरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) जातो. त्यात फाईल नसते, फक्त तिचं नाव आणि आकार असतो. समोरच्याने फाईलच्या बटणावर क्लिक केलं, की त्याचा कॉम्प्युटर उलटा तुमच्याकडे येतो आणि तुमच्या २४२५ पोर्टवर टीसीपीने (आधी जोडणी करून देवाणघेवाण करण्याची पद्धत) फाईल मागतो. म्हणजे फाईल तुम्ही ढकलत नाही, घेणारा ती ओढून नेतो. त्यामुळे अडथळा बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) असतो. लोक मात्र ज्याला फाईल मिळत नाही त्याचाच कॉम्प्युटर उघडून बसतात.

याची चाचणी सोपी आहे. अ कडून ब ला फाईल जात नाही, पण ब कडून अ ला जाते? मग अ चा फायरवॉल बघा. पक्की खात्री हवी असेल तर ब च्या कॉम्प्युटरवर पॉवरशेल (विंडोजमधली कमांड लिहिण्याची खिडकी) उघडा आणि ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड अ चा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट २४२५ देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा, ‘फॉल्स’ आलं तर बंद. चाचणीच्या वेळी अ वर आयपी मेसेंजर चालू हवा, नाहीतर ‘फॉल्स’च येणार. नुसत्या पिंगवर विसंबू नका. पिंग वेगळ्या प्रोटोकॉलने जातो, तो लागला म्हणून २४२५ उघडा आहे असं ठरत नाही.

आता फायरवॉल. प्रोग्राम पहिल्यांदा चालवला की विंडोज परवानगी विचारते. तिथे घाईत ‘कॅन्सल’ दाबलं, किंवा बसलेल्या माणसाकडे अ‍ॅडमिनचे अधिकारच नसले, तर विंडोज त्या प्रोग्रामसाठी इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्यांसाठीच्या नियमांत) चक्क ब्लॉकचे नियम तयार करून ठेवते, टीसीपीचा एक आणि यूडीपीचा एक. खरी गोम पुढे आहे. नंतर तुम्ही परवानगीचा कितीही नीट नियम लिहा, ब्लॉकचा नियम त्याच्यावर मात करतो. म्हणून ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडा, इनबाउंड रूल्समध्ये आयपी मेसेंजरच्या नावाचे लाल खुणेचे नियम शोधा आणि आधी ते काढून टाका. मग नवे दोन नियम करा, टीसीपी २४२५ आणि यूडीपी २४२५. प्रत्येकाच्या ‘स्कोप’ टॅबमध्ये रिमोट आयपीसाठी ‘लोकल सबनेट’ (म्हणजे फक्त आपल्याच नेटवर्कमधले कॉम्प्युटर) निवडा. पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवायचं काही कारण नाही.

अशा ब्लॉक झालेल्या कॉम्प्युटरवर आणखी एक चक्रावणारा प्रकार दिसतो. सुरू केल्यावर यादीत सगळे सहकारी दिसतात, आपण कोणाला मेसेज केला की त्याचं उत्तरही येतं, पण कोणी आपणहून मेसेज केला तर तो येत नाही. कारण फायरवॉल आपण बाहेर पाठवलेल्या पाकिटाचं उत्तर थोडा वेळ आत येऊ देतो. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासा.

फायरवॉलचे नियम बरोबर असूनही अडतंय? मग नेटवर्क प्रोफाइल बघा, म्हणजे विंडोज ते नेटवर्क आपलं (‘प्रायव्हेट’) धरते की परकं (‘पब्लिक’). नियम फक्त ‘प्रायव्हेट’साठी असेल आणि विंडोजने ऑफिसचं वायफाय ‘पब्लिक’ धरलं असेल, तर तो नियम लागूच होत नाही. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असतं, त्यामुळे कालपर्यंत चालणारी फाईल आज अडते. अँटिव्हायरसने स्वतःचा फायरवॉल बसवला असेल तर विंडोजमध्ये केलेले बदल वाया जातात, नियम त्याच्याच सेटिंगमध्ये लिहावा लागतो. आणि ‘पूर्ण झालं’ असं येऊनही फोल्डरमध्ये फाईल नसेल, तर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये (संशयित फाईल अडकवून ठेवण्याच्या जागेत) डोकवा. ‘.ईएक्सई’ असेल तर बहुधा तिथेच सापडेल.

फायरवॉलच्या खालोखाल त्रास देतो तो दुसरा राउटर. ब्रॉडबँडच्या मोडेमला कोणीतरी वायफाय राउटर जोडतं, मोडेमची केबल त्याच्या ‘वॅन’ सॉकेटमध्ये (इंटरनेटच्या बाजूच्या) जाते आणि ऑफिसची दोन नेटवर्क होतात. केबलवाले १९२.१६८.१ मध्ये, वायफायवाले १९२.१६८.० मध्ये. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम दिलेली हाक, राउटर ओलांडत नाही, त्यामुळे दोन्ही गट एकमेकांना दिसत नाहीत. लॅपटॉपवर केबलवाल्याचा आयपी हाताने घातला तर मेसेज जातो आणि केबलवाल्याने पाठवलेली फाईलही लॅपटॉपवर उतरते, पण लॅपटॉपवरून पाठवलेली फाईल केबलवाल्याला उतरवता येत नाही, कारण त्याला आत शिरून लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही. उपाय असा: दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटण्याची सोय) बंद करा, त्याला मोडेमच्याच मालिकेतला मोकळा आयपी द्या (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२) आणि केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’मध्ये घाला. राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर हे सगळं एका क्लिकमध्ये होतं.

मोठ्या ऑफिसात मजल्यागणिक वेगळं सबनेट (नेटवर्कचा वेगळा तुकडा) मुद्दामच ठेवलेलं असतं. तिथे सेटिंग्जमधल्या ब्रॉडकास्टच्या यादीत पलीकडचे आयपी घालावे लागतात. १९२.१६८.२.२५५ असा अख्ख्या सबनेटचा पत्ता घालून बघा, पण बरेच राउटर तो पुढे पाठवत नाहीत, त्यापेक्षा एकेक आयपी भरवशाचा. यादी दोन्हीकडे भरा. आणि वर सांगितलेला ‘लोकल सबनेट’वाला नियम इथे आडवा येतो, त्यात पलीकडची १९२.१६८.२.०/२४ ही मालिकाही जोडा.

गेस्ट वायफायवर किंवा ‘एपी आयसोलेशन’ चालू असलेल्या राउटरवर मात्र हे चालणारच नाही, कारण तिथे एका उपकरणाला दुसरं दिसूच द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं. व्हीपीएन चालू असतानाही बऱ्याचदा हेच होतं.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी. फाईल पाठवणाऱ्याकडेच पडून असते, त्यामुळे समोरच्याने उतरवून घेईपर्यंत प्रोग्राम बंद करू नका, फाईलचं नाव बदलू नका, ती हलवू नका आणि लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. ‘पाठवली, आता घरी जातो’ हे इथे चालत नाही. दहा जणांना एकदम पाठवली तर दहाही जण तुमच्याच कॉम्प्युटरवरून ओढतात. १०० एमबीपीएसच्या लॅनवर सेकंदाला साधारण ११ एमबी मिळतात, म्हणजे एका माणसाला १ जीबीसाठी दीड मिनिट, दहा जणांना एकाच वेळी पंधरा. घेणारा थेट पेनड्राइव्हवर सेव्ह करत असेल आणि तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीला फाईल तुटणारच.

लिनक्सवर याच प्रोटोकॉलवर चालणारा आयपटक्स आहे. त्यात मराठी नावाच्या फाईलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर प्रेफरन्सेसमध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ करा. लिनक्सच्या फायरवॉलमध्येही २४२५ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडावे लागतात. बरेच जण यूडीपी उघडतात आणि मेसेज आला की काम झालं म्हणून सोडून देतात.