पहिल्या वाढदिवसाचा हॉल : बोलणं ७२ हजारांचं, बिल १ लाख ३९ हजारांचं

पुण्यातल्या एका कुटुंबाने मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावरचा बँक्वेट हॉल ठरवला. प्लेटला ६०० रुपये, किमान १२० प्लेट्सची हमी, हॉलचं भाडं वेगळं नाही. म्हणजे ७२,००० रुपये. ‘त्याच तारखेसाठी दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ असं सांगून मॅनेजरने २५,००० रुपये टोकन तिथेच घेतलं. पावतीवर तारीख, वेळ आणि रक्कम, एवढंच.

कार्यक्रमाच्या रात्री हातात आलेलं बिल असं होतं. प्लेट्स १४७, त्याचे ८८,२०० रुपये. बाहेरचा डेकोरेटर आणला म्हणून ‘रॉयल्टी’ ६,०००. पाण्याच्या २४० छोट्या बाटल्या, २,४००. अकराची वेळ संपल्यावर सामान काढायला लागलेल्या वीस मिनिटांसाठी पूर्ण तासाचे ५,०००. साफसफाई ३,०००. जनरेटर २,५००. या १,०७,१०० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण १,३९,०१६.

प्रत्येक आकड्याला मॅनेजरकडे उत्तर तयार होतं आणि कुटुंबाकडे दाखवायला एकही कागद नव्हता. आजी-आजोबा खाली उभे, बाळ झोपेला आलेलं, भेटवस्तू गाडीत भरायच्या. अशा वेळी कुणी भांडत बसत नाही, आणि असं बिल नेमकं त्याच वेळी हातात ठेवलं जातं. म्हणून जे काही ठरवायचं ते टोकन देण्याआधी, आणि लेखी. टोकन गेलं की तुमची बाजू पडती होते, कारण तोवर तारीख, पत्ता आणि वेळ टाकलेली पत्रिका सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर पोचलेली असते.

सगळ्यात मोठी गळती प्लेट्सच्या मोजणीत असते. वरच्या कार्यक्रमाला घरच्यांच्या यादीप्रमाणे १०४ मोठी माणसं आणि १९ लहान मुलं आली होती. मग १४७ प्लेट्स कुठून आल्या? गोडासाठी नवी प्लेट घेतली की ती दुसरी प्लेट. दोन वर्षांच्या पोरासाठी आईने वेगळं वाढून घेतलं की ती पूर्ण प्लेट. फोटोग्राफर, त्याचा मदतनीस, फुगेवाला, टॅटू काढणारी मुलगी आणि ड्रायव्हर जेवले की त्यांच्याही पूर्ण प्लेट्स. ‘वापरलेल्या प्लेट्स मोजल्या’ असं सांगतात, पण त्या मोजल्या जातात भांडी घासायच्या जागी, तुमच्या माघारी.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वापरलेल्या प्लेट्स मोजायच्याच नाहीत. बुफे उघडण्याआधी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा करून टेबलावर ठेवलेल्या कोऱ्या मोठ्या प्लेट्स मोजा, समजा १६०. मधे नवी थप्पी आणायची झाली तर ती मोजूनच टेबलावर. शेवटी उरलेल्या कोऱ्या प्लेट्स वजा केल्या की आकडा मिळतो, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या. स्टार्टर आणि गोडासाठी लहान प्लेट आणि वाटी वेगळी ठेवायला लावा, म्हणजे गोडासाठी कुणी मोठी प्लेट उचलत नाही. घरातला ज्याला औक्षणात, फोटोत, पाहुण्यांच्या स्वागतात काम नाही असा एक माणूस या मोजणीला नेमा. मामाला हे काम देऊ नका, त्याला सारखं स्टेजवर बोलावणं येतं. करारात लिहून घ्या : पाच वर्षांखालची मुलं धरायची नाहीत, पाच ते दहा अर्धा दर, बाहेरून आलेल्या कामाच्या माणसांना साधं जेवण अमुक रुपयांत. हमीचा आकडाही अपेक्षित पाहुण्यांच्या ८० टक्क्यांच्या आसपासच धरा. हमीपेक्षा जास्त लोक आले तर वाढीव प्लेट सहसा त्याच दराने मिळते, कमी आले तर न जेवलेल्या प्लेट्सचे पैसे मात्र परत येत नाहीत. किती टक्के जास्तीचं जेवण तयार ठेवणार, हेही विचारून ठेवा, म्हणजे शेवटच्या पंचवीस माणसांना पुलाव आणि पापडावर भागवावं लागत नाही.

रॉयल्टी म्हणजे हॉलच्या यादीबाहेरचा डेकोरेटर, डीजे, केटरर किंवा फोटोग्राफर आणला की हॉल तुमच्याकडून घेतो ती रक्कम. ती घेणं चुकीचं नाही, पण ती आधी सांगितली नाही तर तो सापळा होतो. हॉलचा डेकोरेटर फुग्यांच्या कमानीचे १८,००० सांगतो, बाहेरचा ९,००० म्हणतो, तुम्ही बाहेरचा ठरवता आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी गेटवर त्याची गाडी अडवली जाते. कमान, बॅकड्रॉप आणि नावाची अक्षरं उभी करायला अडीच-तीन तास लागतात. त्यामुळे गेटवर घालवलेला अर्धा तासही परवडत नाही आणि मागतील ते दिलं जातं. इथे आणखी एक गोष्ट बघा. तुमची वेळ संध्याकाळी ७ ते ११ असेल आणि त्याच हॉलमध्ये सकाळी ११ ते दुपारी ३ दुसरा कार्यक्रम असेल, तर आवराआवर होऊन हॉल रिकामा मिळायला पाच वाजतात. ‘सजावटीसाठी हॉल ४ वाजता ताब्यात’ आणि ‘सामान काढायला ११ नंतर ४५ मिनिटं विनाशुल्क’ ही दोन वाक्यं करारात नसतील तर जादा तासाचे पैसे लागलेच म्हणून समजा.

केक बाहेरून आणायला परवानगी आहे का, कापायचे पैसे लागतात का, हेही विचारा. आणि औक्षण. बऱ्याच बंद हॉलमध्ये धुराची सूचना देणारी यंत्रणा असते आणि उघड्या ज्योतीला मनाई असते. निरांजन लावायला तिथे वेगळी जागा मिळणार का, पाट कुठे मांडायचा, हे आधी ठरलं नाही तर आजीच्या हातातलं तबक ऐन वेळी थांबवलं जातं. पहिल्या वाढदिवसाला याहून वाईट काही नाही. बाळाला पाजायला आणि झोपवायला दार बंद होणारी खोली हवीच. ‘आहे’ म्हणाले तर उघडून बघा, बऱ्याचदा तिथे खुर्च्यांच्या थप्प्या असतात.

जनरेटर आणि एसीचे पैसे युनिटवर असतील तर हॉल ताब्यात घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो काढा. ठोक असतील तर आकडा आधी लिहून घ्या. पाण्याच्या बाटल्या टेबलावर न मागता मांडल्या जातात. फिल्टरचं पाणी आणि ग्लास हवेत असं सांगा, किंवा बाटल्यांच्या खोक्यांची संख्या ठरवून द्या.

आता कर. जेवण आणि हॉल एकत्र देणाऱ्या साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं अशा ठिकाणी तो १८ टक्के, आणि नुसता हॉल भाड्याने घेतला तरी १८ टक्के. वरच्या बिलात नुसत्या जेवणाच्या ८८,२०० वर १८ टक्क्यांनी १५,८७६ लावले होते, ५ टक्क्यांनी ४,४१० झाले असते. फरक ११,४६६ रुपयांचा. बिलावरचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावाची, चालू आहे की रद्द, कंपोझिशन योजनेतली (छोट्या व्यावसायिकांसाठीची, उलाढालीवर ठोक दराने कर भरायची) आहे का, हे फुकट दिसतं. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, आणि ज्याची नोंदणीच नाही त्यालाही नाही. ‘रोख दिलेत तर जीएसटी नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पुढे तक्रार करायची वेळ आली की हातात पुरावा राहत नाही.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हॉटेल किंवा रेस्टॉरंटला तो आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही तत्त्वं कायम ठेवली. बिलातून काढून टाका असं स्पष्ट सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एक प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही पाहिलेला हॉल एक आणि मिळालेला दुसरा. वाढदिवस हा हॉलवाल्याच्या दृष्टीने छोटा धंदा. त्याच तारखेला लग्नाचं दिवसभराचं बुकिंग आलं की वाढदिवसाला ‘छोटा हॉल’ किंवा गच्ची दाखवली जाते. पावतीवर नुसतं ‘हॉल’ लिहिलेलं असतं, त्यामुळे बोलायला जागा उरत नाही. हॉलचं नाव, मजला, खुर्च्यांची संख्या, एसी चालू राहण्याची वेळ हे सगळं लिहिलेलं हवं, आणि ‘जागा बदलल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत’ हेही. वाढदिवस तिथीऐवजी जवळच्या शनिवार-रविवारी करणार असाल तर लग्नाच्या मुहूर्ताची तारीख टाळा. चातुर्मासात हॉल ओस असतात, तेव्हा दरही खाली येतो आणि कुणी तुम्हाला हलवतही नाही. गच्ची किंवा लॉन्स घेत असाल तर ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, तेव्हा सात ते अकराचे पैसे देऊन तीनच तास गाणी मिळतात. पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल पट्ट्यात नदीलगतच्या बेकायदा बांधकामांवर महापालिकेची कारवाई झालेली आहे. अशा जागी सहा महिने आधी मोठी रक्कम अडकवणं धोक्याचं.

खोट्या हॉलची तऱ्हा वेगळी. इन्स्टाग्रामवर दुसऱ्याच हॉलचे फोटो, दर बाजारापेक्षा खाली, आणि ‘तारीख होल्ड करायला’ पाच-दहा हजार यूपीआयने. काही वेळा हॉल खरा असतो, पण नकाशावरच्या नोंदीत फोन नंबर भलत्याच माणसाचा घातलेला असतो. पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव बघा. हॉलच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. हॉलवर स्वतः जा, तेही तुमचा कार्यक्रम ज्या वारी आणि ज्या वेळी आहे त्याच वारी, त्याच वेळी. तेव्हाच पार्किंग, लिफ्ट, शेजारच्या हॉलचा आवाज आणि भरलेल्या हॉलमधला एसी कळतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन आणि सायबर क्राइमच्या संकेतस्थळावर तक्रार. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. आणि ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ असा फोन आला तर ती दुसरी लूट आहे. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

फुग्यांबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. हेलियमचे पैसे घेऊन हायड्रोजन भरलेले फुगे आणले जातात, कारण हायड्रोजन स्वस्त पडतो. काही जण कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियम वापरून तो स्वतःच बनवतात. मेणबत्ती, निरांजन, फुलबाजी, यातलं काहीही जवळ आलं की तो पेटतो, आणि वाढदिवसाला फुग्यांच्या सगळ्यात जवळ मुलं असतात. हायड्रोजनचं सिलिंडर लाल रंगाचं असतं. हेलियमचं बिल आणि सिलिंडर दाखवा म्हणा, नाहीतर हवेचे फुगे काठीला बांधा. केक कापताना मारायचा फेसाचा स्प्रेसुद्धा ज्योतीजवळ पेट घेतो, तो आणूच नका.

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले. त्यांत वाढदिवस साजरा करायला आलेली माणसंही होती. हॉल बघताना दोन बाहेरच्या वाटा आहेत का, दुसरं दार कुलूपबंद आहे का, जिन्यावर सामान आहे का, हे चालून बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो मागा. खरा हॉलवाला तो दाखवायला कचरत नाही. बिलावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. जेवण तिथल्याच स्वयंपाकघरातलं की बाहेरून येणार हेही विचारा, कारण चव बघायला दिलेलं ताट आणि कार्यक्रमाचं जेवण एकाच हातचं असेल असं नाही.

टोकन १० टक्क्यांच्या वर देऊ नका. उरलेली रक्कम दोन हप्त्यांत, शेवटचा हप्ता प्लेट्सच्या सहीनंतर. मॅनेजर कागदावर लिहायला टाळाटाळ करत असेल तर सगळे मुद्दे तुम्हीच व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवू नका. बिल खटकलं तर पैसे देताना त्यावरच ‘हरकत नोंदवून रक्कम दिली’ असं लिहून सही करा आणि फोटो ठेवा.

दुसऱ्या दिवशी ईमेलने लेखी मागणी करा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून होते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अन्यायकारक करार’ ही स्वतंत्र व्याख्या आहे. त्यामुळे ‘टोकन कोणत्याही परिस्थितीत परत नाही’ असं पावतीवर छापलं की विषय संपला, असं होत नाही. तक्रारीला पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, यूपीआयची नोंद, मीटरचे फोटो, प्लेट्सचा सही केलेला कागद आणि अंतिम बिल जोडा.