तिसरी बादली ओतली असती तर

१,०८,५०० रुपये. पावसाचं पाणी वळवायला चर करून देतो म्हणून दारात आलेल्या एका माणसाने मला एवढ्याला फसवलं. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचताना मध्येच "नक्की किती गेले हो?" असं कुणाला विचारावंसं वाटायला नको. ४०,००० ऑनलाइन, ३०,००० रोख आणि काम "पूर्ण" झाल्यावर ३८,५०० पुन्हा ऑनलाइन. मिळालं काय? साडेतीन मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल असा एक हौद. वरून काळी जाळी, दिसायला झकास.

आमचं घर रस्त्यापेक्षा खाली आहे. गेटपासून गॅरेजच्या दारापर्यंत चौदा मीटर सरळ उतार. रस्त्यावर दर वेळी जुना थर न उकरता नवा थर चढतो, त्यामुळे आता आमच्या पाण्याबरोबर रस्त्याचंही पाणी गेट ओलांडून घरी येतं. मागच्या पावसात ते गॅरेजच्या उंबऱ्यावर टेकलं होतं. थोडक्यात, मी घाबरलेलो होतो, आणि घाबरलेला माणूस अशी कामं मागत दारोदार फिरणाऱ्यांना गल्लीच्या टोकावरून ओळखू येतो.

पुढची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. "जवळच काम चालू आहे, माल उरलाय, पावसाच्या आत उरकून देतो." मी लॉटरीच्या मेसेजला भुलणाऱ्यांतला नाही. पण हा माणूस पाण्याची लेव्हल-ट्यूब घेऊन आला, उतार मोजला आणि जे बोलला ते सगळं बरोबर बोलला. उताराच्या तळाशी आडवा चर घ्यायचा, वर जाळी बसवायची, चराच्या टोकाला गाळ साठायला चेंबर, तिथून ११० मिलिमीटरचा पाइप घराला वळसा घालून बागेच्या खालच्या टोकाला न्यायचा आणि शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, सोडायचा. घराच्या पायापासून पाच मीटर लांब, हेही त्यानेच सांगितलं. नंतर दोन जाणकारांना विचारलं, तर दोघेही म्हणाले, योजना अगदी योग्य होती. माझा राग त्यावरच आहे. त्याला काम येत नव्हतं असं नाही. त्याला ते करायचंच नव्हतं.

कागदावर एकूण १,१८,००० लिहिलं. पक्कं बिल हवं असेल तर कर वेगळा, म्हणाला. मी नको म्हणालो. हो, मीच म्हणालो. लिहिताना लाज वाटतेय, पण नाही लिहिलं तर तुम्हीही तेच कराल. कर वाचवायला गेलो आणि पुरावाच घालवून बसलो.

काम दोन दिवसांत झालं, आणि ते दोन्ही दिवस मी ऑफिसात. आई घरी होती, पण गुडघ्यांमुळे ती बाहेर जात नाही, खिडकीतून जे दिसेल तेवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलो तर उताराच्या तळाशी जाळी बसलेली, बागेच्या टोकाला सिमेंटचं नवं झाकण, आणि या दोघांच्या मधे नऊ मीटर हिरवळ. जशीच्या तशी. एक पातं हललेलं नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. नऊ मीटर पाइप जमिनीखाली गेला आणि गवताला खबर नाही? पण मी काय केलं असेल? मी त्याचे आभार मानले. हिरवळ खराब केली नाही म्हणून! तो म्हणाला, "साहेब, हल्ली खणायची गरज नाही. मशीनने आतून बोगदा मारतो आणि पाइप सरकवतो." अशी यंत्रं खरोखर असतात, मी कुठेतरी पाहिलंही होतं. म्हणून पटलं. आईने मात्र खिडकीतून विचारलं होतं, "अरे, पण पाणी जातंय कुठे?" मी म्हणालो, "आई, मशीनने घालतात आता." ती म्हणाली, "मशीन आलेलं तर मला दिसलं नाही." आणि मी आत जाऊन चहा टाकला.

मग ती बादली. हे नीट वाचा, कारण सगळी हातचलाखी इथेच आहे. त्याने आमच्याच नळाखाली पंधरा लिटरची बादली भरली आणि उतारावर ओतली. पाणी सरसर खाली आलं, जाळीतून आत गेलं, गायब. दुसरी ओतली. तीही गायब. "बघा साहेब, एक थेंब पुढे नाही." मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तिथेच उभ्या उभ्या ३८,५०० पाठवले.

आता गणित करा. मी केलं, पण एक महिना उशिरा. ३.५ मीटर गुणिले ०.१ गुणिले ०.१, म्हणजे पस्तीस लिटर. दोन बादल्या म्हणजे तीस. चराला पुढे वाट नव्हतीच, दोन्ही टोकांना सिमेंटने बुजवलेला होता, आणि तीस लिटर पाणी त्यात मुकाट बसून राहिलं. तिसरी बादली ओतली असती तर त्याच क्षणी जाळीवरून पाणी बाहेर आलं असतं. त्याला हे माहीत होतं. त्याने बादल्या मोजून ओतल्या. मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो, हे इथे कंसात लिहून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीखाली पाणी तसंच दिसलं. फोन केला. म्हणाला, वास येऊ नये म्हणून थोडं पाणी राहावंच लागतं. अहो, हे संडासाच्या भांड्याला लागू आहे, पावसाच्या चराला कशाला? पण मी "बरं" म्हणालो.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा एका मिनिटात सगळं उघडं पडलं. एका मिनिटात हे मी चिडून म्हणत नाहीये, हिशेबाने म्हणतोय. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आमचा उतार १४ गुणिले ३.५, म्हणजे ४९ चौरस मीटर. तासाला ४० मिलिमीटरचा पाऊस धरला तर मिनिटाला जवळजवळ तेहतीस लिटर. रस्त्याचं येतं ते वेगळंच. पस्तीस लिटरचा हौद भरायला किती वेळ लागणार? कुणी चर विकायला आलं तर त्याचा आकार विचारू नका. पाणी कुठल्या ठिकाणी बाहेर पडणार, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

पाणी गॅरेजमध्ये शिरलं. वॉशिंग मशीनची मोटर गेली, दुरुस्तीला ४,३०० गेले. त्याच आठवड्यात गाडीच्या चाकाखाली जाळी मधोमध तडकली, कारण ती पायवाटेवर बसवायची हलकी प्लास्टिकची जाळी होती. जाळ्यांना भार सोसण्याची श्रेणी असते. ए १५ ही चालणाऱ्यांसाठी आणि बी १२५ गाडीच्या वाटेसाठी. ती जाळीवर किंवा तिच्या कडेवर उमटवलेली असते. खाली वाकून वाचा. मी वाकलो नाही.

मग बागेच्या टोकाचं ते सिमेंटचं झाकण उघडलं. आत गुडघाभर खड्डा. त्यात फुटक्या गिलाव्याचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि वर अंथरलेली एक रिकामी खताची गोणी. कागदावर तिचं नाव "जिओटेक्स्टाइल कापड" (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) असं होतं, ६,५०० रुपये. पाइपचं तोंड चारही बाजूंना शोधलं, हाताने माती उकरली. नव्हतंच. शोषखड्ड्यात धुतलेली, एकसारख्या आकाराची खडी लागते. बारीक चुरा असला की पोकळ्या बुजतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. आणि त्याआधी छोटा खड्डा खणून, पाणी भरून, ते किती वेळात मुरतं हे घड्याळ लावून बघायचं असतं. ही चाचणी न करता जो शोषखड्ड्याचा भाव सांगतो, त्याला गेटवरूनच परत पाठवा.

फोन अर्थातच बंद. मग तक्रारींची वारी.

पोलीस चौकीत तासभर बसवून सांगितलं, "काम केलंय ना त्याने? मग हे दिवाणी प्रकरण आहे." काम केलं नाही हेच तर मी सांगत होतो! म्हणे, जाळी तर दिसतेय फोटोत. बुजवलेल्या चराचा फोटो दाखवला तर म्हणाले, कचरा अडकला असेल, साफ करून बघा. अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. तीन चकरांनंतर अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं की गुन्हा मीच केलाय. बँकेत गेलो. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, हा व्यवहार "अनधिकृत" धरता येत नाही. ग्राहक तक्रारीसाठी चौकशी केली तर पहिला प्रश्न, बिल कुठे आहे? दुसरा प्रश्न, त्याचा पत्ता काय? पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? रस्त्याचं पाणी घरात येतं म्हणून पालिकेत गेलो, तर रस्ते खातं म्हणालं पावसाळी गटार खात्याकडे जा, गटार खातं म्हणालं गेटच्या आतलं पाणी तुमचं. मी म्हणालो, गेटच्या आत येईपर्यंत ते तुमचंच असतं. त्यावर साहेबांनी फाइल बंद केली. ऑनलाइन तक्रार टाकली ती अकरा दिवसांनी "निकाली". कुणी येऊन बघितलं नाही, फोन नाही, काही नाही. खाली प्रश्न: आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?

हो तर. पाच तारे.

शेवटी ओळखीच्या गवंड्याने चर फोडून पुन्हा केला, ५२,७०० घेतले. त्याने हिरवळ उभी चिरली, बघवत नव्हती. पाइपला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार दिला, नऊ मीटरला नऊ, आणि बुजवायच्या आधी मला बोलावून दाखवला. हेही लक्षात ठेवा, माती टाकण्याआधी बघायचं आणि बघितल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही. गेटजवळ एक बुटका उंचवटा घातला, आता रस्त्याचं बरंचसं पाणी तिथूनच वळतं. मी बादली आणायला निघालो तर म्हणाला, "बादली कशाला? नळाची नळी सोडा अर्धा तास." शोषखड्ड्याचं झाकण उघडं ठेवलं होतं. आई काठी टेकत बागेच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "आलं रे, इथे आलं!"

आणि परवा त्या पहिल्या बहाद्दराचा फोन आला, नव्या नंबरवरून. ठरलेल्या १,१८,००० पैकी ९,५०० माझ्याकडे बाकी आहेत म्हणे. माणसांची मजुरी थकलीय, साहेब, कधी देता? मी म्हणालो, ये, रोख देतो, तीन बादल्या भरूनच ठेवल्यात. अजून आलेला नाही.