विद्यापीठ खरं होतं, गुणपत्रिका खोटी

निकाल लागले की सांगलीत शंभर फुटी रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर पत्रकं चिकटतात. 'नापास? एटीकेटी? शिक्षणात गॅप? एका वर्षात पदवी.' खाली मोबाईल नंबर. २०२३ च्या जूनमध्ये मी तो नंबर लावला. त्यात घरचे ७२,००० रुपये गेले आणि पुढं हाताशी आलेली नोकरीही गेली. लिहिताना लाज वाटते. पण यंदाही निकालांच्या पाठोपाठ खांबांवर तीच पत्रकं लागलीत, म्हणून लिहितोय.

मी सांगलीवाडीचा. आमचे आण्णा मार्केट यार्डात हमाल. हळदीच्या हंगामात त्यांची बनियन कितीही धुतली तरी पिवळीच राहते. २०१९ ला शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझे गणिताचे दोन पेपर राहिले. दिवाळीच्या आधी देऊ म्हणून अभ्यासाला बसलो, तोवर ऑगस्टचा महापूर आला. घरात पाणी शिरलं, वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. मग औषधांच्या होलसेल दुकानात कामाला लागलो, त्यात कोरोना आला, आणि ते दोन पेपर राहिले ते राहिलेच.

चार वर्षं प्रत्येक जाहिरातीत एकच ओळ आडवी यायची: 'कोणत्याही शाखेची पदवी'. माझा चुलत भाऊ आयटीआय करून कुपवाड एमआयडीसीत मशीनवर उभा राहिला, त्याचं पदवीवाचून काही अडलं नाही. माझ्या हातात ते कसब नव्हतं. मला बँकेत जायचं होतं, आणि तिथला दरवाजा पदवीशिवाय उघडत नाही.

पत्रकवाल्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, भिंतीवर वेगवेगळ्या विद्यापीठांची नावं, टेबलावर गणपती. ऑफिस चालवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणायचे. सरांनी माझे निकाल पाहिले आणि म्हणाले, "दोन पेपरांसाठी चार वर्षं घालवलीस होय रे? डिग्री म्हणजे शेवटी कागदच. ज्ञान तुझ्याकडं आहेच. कागदाचं मी बघतो."

हे वाक्य मला फार पटलं, कारण मीही मित्रांत हेच बोलत होतो. आज कळतं, त्या दुकानाचा सगळा धंदा याच वाक्यावर चालतो. पदवी हा नुसता कागद आहे असं एकदा मनानं घेतलं, की कागद विकत घेण्यात काही गैर वाटेनासं होतं. प्रत्यक्षात कागदाला किंमत नसतेच. किंमत असते विद्यापीठाच्या दप्तरातल्या त्या नोंदीला, ज्यात तुमचा नोंदणी क्रमांक, परीक्षा आणि गुण असतात. कागद हरवला तर दुय्यम प्रत मिळते, ती या नोंदीवरूनच. नोंदच नसेल तर सोनेरी शिक्क्याचा कागदही रद्दी.

मी विचारलं, "सर, परीक्षा?" ते म्हणाले, "नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट ट्रान्सफर आहे. तुझे आधीचे मार्क तिकडं वळवायचे." शब्द खरा असल्यामुळंच मी फसलो. क्रेडिटची बँक, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक जमा ठेवणारी ऑनलाइन सोय, २०२१ पासून खरोखर आहे. पण तिथं क्रेडिट जमा करते ती शिक्षणसंस्था, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावर. मधल्या माणसाचा त्यात काही संबंध नाही, आणि तिच्या जोरावर मागच्या तारखेची गुणपत्रिका कुठलंच विद्यापीठ देत नाही.

मी अगदी डोळे झाकून पैसे दिले असंही नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती मी पाहिली. सरांनी सांगितलेलं परराज्यातलं विद्यापीठ त्या यादीत नव्हतं. मी निर्धास्त झालो, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथं झाली. विद्यापीठ खरंच होतं. त्यांना या माणसाचा पत्ताही नव्हता. ती यादी फक्त बोगस विद्यापीठं दाखवते. खऱ्या विद्यापीठाच्या नावावर कुणी खोटी गुणपत्रिका छापली, तर ती त्या यादीत कशी सापडणार?

पैसे तीन हप्त्यांत गेले. २०,००० रोख, ३०,००० यूपीआयनं भलत्याच एका माणसाच्या खात्यावर, आणि उरलेले २२,००० गुणपत्रिका हातात आल्यावर. शेवटच्या हप्त्यासाठी आईनं बोरमाळ गहाण टाकली. मला न सांगता सराफाकडं जाऊन आली आणि पैसे रुमालात बांधून माझ्या पुढ्यात ठेवले. पावती एकाच हप्त्याची मिळाली, तिच्यावर 'मार्गदर्शन शुल्क' एवढंच लिहिलेलं. पदवी, विद्यापीठ, परीक्षा, यातला एकही शब्द नाही.

गुणपत्रिका आल्या त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत मी त्या बघत बसलो होतो. जाड कागद, होलोग्राम, उठावाचा शिक्का. तीन वर्षांच्या तीन गुणपत्रिका, आणि तिन्हींवर परीक्षा नियंत्रकांची सही तंतोतंत एकसारखी. माणूस तीन वर्षांत तीन सह्या करतो तेव्हा एखादी रेघ तरी इकडंतिकडं होते. इथं शेवटचा फराटासुद्धा खालच्या ओळीतल्या त्याच अक्षराला टेकलेला. शेवटच्या वर्षाच्या निकालाची तारीख होती ३० जून २०१९. कॅलेंडर काढून पाहिलं, तो रविवार निघाला. त्याहून वाईट म्हणजे परीक्षा एप्रिल २०१९ ची. त्या एप्रिलमध्ये मी सांगलीत बसून शिवाजी विद्यापीठाचे पेपर देत होतो. एकच माणूस एकाच महिन्यात दोन राज्यांत?

मी फोन केला. सर म्हणाले, "बॅक डेटचा तुलाच फायदा आहे, गॅप दिसत नाही." आणि विद्यापीठाची म्हणून एक लिंक पाठवली. त्यावर नंबर टाकला की माझा निकाल दिसायचा. ते संकेतस्थळच बनावट होतं. खऱ्याच्या शेवटी 'एसी डॉट इन' होतं, याच्या शेवटी 'ऑर्ग'. नाव, रंग, बोधचिन्ह सगळं तेच. शंका आलेली असूनही मी त्या लिंकवर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. हे मी कबूल करतो. त्या रात्री मी थांबलो असतो तर पैशांवर निभावलं असतं.

२०२४ मध्ये एका सहकारी बँकेत लिपिकासाठी निवड झाली. आण्णांनी यार्डात पेढे वाटले. बँकेनं कागदपत्रं पडताळणीसाठी थेट विद्यापीठाला पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हा नोंदणी क्रमांक आमच्या दप्तरी नाही. बँकेच्या अधिकारी बाईंनी मला समोर बसवून ते पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "निवड रद्द होतेय. पण हा कागद दुसरीकडं कुठं दाखवू नकोस." बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा वापरणाऱ्याचाही गुन्हा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फसलेला मीच होतो, आणि गुन्हेगार ठरण्याची वेळही माझ्यावरच आली होती.

घरी सांगितल्यावर आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "दोनच पेपर व्हतं न्हवं रं?"

शंभर फुटी रस्त्यावर गेलो तर काचेच्या दाराला कुलूप, फोन बंद. मी एका वकिलांना भेटलो, सगळं खरं सांगितलं आणि त्यांच्या सल्ल्यानं पोलिसांत अर्ज दिला. सोबत पावती, यूपीआयचा तपशील, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि त्या तिन्ही गुणपत्रिका. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. कायद्याचंही सांगतो: पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट आहे. पण ते मोडणाऱ्याला त्याच कायद्यात दंड आहे जास्तीत जास्त एक हजार रुपये. माझ्याकडून घेतलेल्या पहिल्या हप्त्याचा विसावा भाग! म्हणून फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, या अंगानंच तक्रार करावी लागते.

गेल्या वर्षी मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीला प्रवेश घेतला. अभ्यासकेंद्र सांगलीतच आहे. तीनही वर्षांची फी एकत्र केली तरी ती सरांच्या पहिल्या दोन हप्त्यांच्या आसपासही जात नाही. दिवसभर दुकान आणि रात्री पुस्तकं, असं चाललंय. पैसे भरण्याआधी या वेळी मी एकच गोष्ट केली: विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर घेऊन तिथं फोन केला आणि अभ्यासकेंद्राचा क्रमांक खरा आहे का ते विचारलं. दोन मिनिटांत काम झालं.

माझ्यासारखे पैसे भरलेले अजून दोघं भेटलेत, एक मिरजेचा, एक तासगावचा. तिसरा एक आहे, तो घाबरून पुढं येत नाही. त्याच्याकडं गुणपत्रिका आहे, ती त्यानं अजून कुठं दाखवलेली नाही. जून २०२३ च्या आसपास त्या दुसऱ्या मजल्यावर तुम्ही गेला असाल, तर मेसेज पुसू नका, पावती फाडू नका, आणि तो कागद कुठल्याही अर्जाला जोडण्याआधी पोलिसांत अर्ज द्या.