विंकी डिंकचं किट : प्लॅस्टिक ५० सेंटचं, कमाल जॅक बॅरीची

१० ऑक्टोबर १९५३ ते २७ एप्रिल १९५७ या काळात अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दर शनिवारी सकाळी 'विंकी डिंक अँड यू' हा मुलांचा कार्यक्रम लागायचा. सूत्रसंचालक होता जॅक बॅरी. या कार्यक्रमाचं नाव आजही निघतं ते त्याच्या किटमुळे. ५० सेंट पाठवले की टपालाने 'मॅजिक विंडो' म्हणजे पातळ व्हिनाइलचा ताव, मेणखडू आणि पुसायचं फडकं घरी यायचं. ताव टीव्हीच्या काचेवर लावायचा आणि चांदणीसारख्या डोक्याचा कार्टून नायक विंकी कुठे अडला की त्याच्यासाठी पडद्यावरचे ठिपके जोडून चित्र काढायचं. समोर नदी आली की पूल, सिंह आला की पिंजरा.

ताव लावायला गोंद लागत नाही. फडक्याने घासलं की व्हिनाइलवर स्थिर विद्युतभार येतो आणि ताव काचेला धरतो. काच कोरडी आणि धूळ पुसलेली हवी. दमट हवेत भार टिकत नाही, कोपरे सुटतात. त्या काळची काच फुगीर, म्हणून मधून कडांकडे घासत जावं. आधी कडा दाबल्या तर मध्ये हवा अडकते आणि नेमका तिथेच खडू घसरतो.

ताव बोटभर जरी सरकला तरी पूल एकीकडे आणि नदी दुसरीकडे. शिवाय त्या काळच्या बऱ्याच संचांत पिक्चर ट्यूबच्या पुढे वेगळी संरक्षक काच असायची. चित्र आत, खडूची रेघ बाहेर. डोकं जरा हललं की रेघ ठिपक्यावरून हटलेली दिसते. उपाय एकच: ठिपके जोडताना आणि नंतर बघतानाही मान एका जागी ठेवायची. सहा वर्षांच्या पोराला हे सांगून बघा! ज्यांच्या घरी किट नव्हतं ती मुलं थेट काचेवर रेघोट्या मारायची, आणि तो मेणाचा थर खरवडत बसायची पाळी आईवर यायची.

वस्तू म्हणून किट सुमारच. खरी हुशारी कार्यक्रमाच्या रचनेत आहे, कारण त्यात जागोजाग मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. गुप्त निरोपाचं उदाहरण घ्या. आधी अक्षरांच्या फक्त उभ्या रेघा दाखवायच्या, मुलांनी त्या गिरवायच्या. मग आडव्या रेघा आल्या की शब्द पुरा होतो. ताव नसलेल्याला दोन्ही वेळा नुसत्या काड्या दिसतात. एका खेळात पडद्यावर नसलेल्या पात्राची बाह्यरेषा मुलांकडून काढून घेतात आणि बॅरी तिच्याशी गप्पा मारतो. किट नसेल तर हा सद्गृहस्थ रिकाम्या भिंतीशी बोलतोय असंच वाटतं. विक्रीची याहून निर्लज्ज आणि याहून गमतीदार युक्ती क्वचितच सापडेल.

अर्थात पूल काढा की न काढा, विंकी नदी ओलांडतोच; किट नसलेल्यांच्या घरी तो हवेतून चालतो. तरीही 'आपण काढला म्हणून तो वाचला' असं मुलाला वाटतं, ते बॅरीमुळे. तो कॅमेऱ्यात थेट बघून काम सांगतो, घाई करतो आणि रेघ पुरी होईल इतका वेळ थांबतो. हे थांबणं अवघड. बहुतेक सूत्रसंचालकांना शांतता सोसवत नाही. मे क्वेस्टेल, म्हणजे बेटी बूप या कार्टून पात्राचा आवाज, इथे विंकीला लाभला आहे आणि तो उत्तम जमलाय. डेटन अ‍ॅलनने साकारलेला, सगळं चुकवणारा मदतनीस मिस्टर बंगल मात्र आज रेंगाळलेला वाटतो. पुढे बॅरीचं नाव 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेच्या घोटाळ्यात अडकलं आणि टीव्हीवर पुन्हा जम बसायला १९७२ चं 'द जोकर्स वाइल्ड' उजाडावं लागलं.

उरलेले जुने भाग बघताना हा खेळ आजही खेळता येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ४:३ च ठेवा. झूम करून १६:९ चा पडदा भरला तर चित्राची पाव उंची कापली जाते आणि ठिपकेही जातात. एलसीडीवर मेणखडू किंवा परमनंट मार्कर नको, आणि दाबून तर अजिबात काढू नका, पॅनेलला इजा होते. पारदर्शक ओएचपी शीट चौकटीला कागदी टेपने लावा, पाण्याने पुसला जाणारा मार्कर घ्या आणि हलक्या हाताने काढा. लहान मुलांसाठी लॅपटॉपपेक्षा टॅब्लेट बरा. टेबलावर सपाट ठेवला की शीट सरकत नाही आणि काचही टणक असते. पॉज मात्र दाबू नका, धावपळीतच मजा आहे.

जुनं मूळ किट विकत घेणार असाल तर संग्रहासाठीच घ्या. जुनं व्हिनाइल कडक होतं, घडीच्या रेघा जात नाहीत आणि ते काचेला धरत नाही. ताव, खडू आणि फडकं तिन्ही आहेत का ते बघा. खडू बहुधा मोडलेले किंवा गायबच असतात.