जुन्या पेपरच्या कात्रणांचं बाइंडिंग : काम झकास, काना गायब

बेळगावात जुनी पेपरची कात्रणं नीट बांधून देणारा माणूस कुठाय म्हणून मी महिनाभर विचारत फिरलो. झेरॉक्सवाले म्हणतात स्पायरल करा. स्पायरल काय वो, कॉलेजचं प्रोजेक्ट आहे काय, पन्नास वर्षांचा कागद त्या प्लास्टिकच्या वेटोळ्यात घातला तर पहिल्यांदा उघडतानाच भोकं फाटणार. शेवटी शहापुरातल्या एका नातेवाइकानं पत्ता दिला. खडेबाजारातून आत एक बोळ, बोळात खाली दुकान वर माडी, दुकान कसलं एक खोलीच, लोखंडी शिकंजा, हाताचं कटिंग मशिन आणि खळीचा वास. नाव मुद्दाम टाकत नाही कारण तक्रारसुद्धा आहे, आणि काका सत्तरीच्या पुढचे आहेत, कुणी उगाच जाऊन भांडायला नको.

काम काय होतं ते सांगतो. आमचे आप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत होते, गेल्या वर्षी वारले. माळ्यावर बुटांची चार खोकी निघाली, चारही खोक्यांत बाळासाहेब ठाकरे. कात्रणं, पुरवण्या, त्यांच्या मार्मिक साप्ताहिकाची फाटकी पानं, एका दिवाळी अंकाचं नुसतं कव्हर. आप्पा शिवसैनिक वगैरे अजिबात नव्हते, इथं आमचं मत महाराष्ट्र एकीकरण समितीला, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्यांना, धनुष्यबाणाचं बटण त्यांनी आयुष्यात दाबलं नाही. तरी चार खोकी. पुण्यामुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात, त्यांना यातलं कळत नाही.

सगळ्यात जुनं कात्रण आप्पांचं नव्हतंच, आज्जाचं होतं, फेब्रुवारी १९६९. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा रिपोर्ट १९६७ ला आला, २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणाला आणि बेळगाव मात्र कर्नाटकातच (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) ठेवा म्हणाला, इथं घराघरात चूल पेटली नव्हती म्हणे तेव्हा. त्यानंतर दीडदोन वर्षांत मुंबईत ठाकऱ्यांनी जाहीर केलं की सीमाप्रश्न सुटल्याशिवाय केंद्राच्या मंत्र्याला मुंबईत पाऊल टाकू देणार नाही. मोरारजी देसाई उपपंतप्रधान होते, ते आले, माहीमला शिवसैनिक त्यांची गाडी अडवायला गेले पण गाडी थांबली नाही, आणि मग जे पेटलं ते काही दिवस विझलं नाही. ठाकऱ्यांना अटक झाली, पन्नासहून जास्त माणसं मेली. बेळगावसाठी मुंबईत माणसं मेली हे आज्जा शेवटपर्यंत सांगायचा. आमच्याकडं बाळासाहेब म्हणजे हे कात्रण, बाकीचं सगळं नंतर.

तर कामाविषयी. काकांनी खोकी उघडून आधी वास घेतला, खरंच, नाकाला लावून, आणि म्हणाले "कसर लागालालीय." मग त्यांनी मला त्यांची खळ दाखवली. मैद्याची खळ, त्यात मोरचूद घालतात, निळसर दिसते, त्यामुळं किडे खात नाहीत. फेविकॉल का नको विचारलं तर म्हणाले फेविकॉलनं कागद काही वर्षांत काचेसारखा होतोय, उलटायला गेलं की कडकन मोडतोय. मला वाटलेलं की सगळी कात्रणं जाड कागदावर चिकटवून टाकतील, पण त्यांनी साफ नकार दिला. एका कडेला पातळ कागदाची पट्टी लावायची आणि पट्टी तेवढी शिलाईत घ्यायची, म्हणजे कात्रण दाराच्या बिजागरीसारखं फिरतं आणि मागची बाजूसुद्धा वाचता येते. मी म्हणालो काका मागं काय असतंय, टायरच्या जाहिराती. म्हणाले, "असू दे की, तुम्हाला काय ठावं."

हे पट्टीचं प्रकरण पुढं महत्त्वाचं ठरलं म्हणून एवढं लिहिलं.

भांडण लागलं ते क्रमावरून. माझी बहीण पुण्यात असते, तिला कळलं मी बाइंडिंग करतोय, तिनं कुरियरनं एक पाकीट पाठवलं. त्यात श्रीकृष्ण आयोगाच्या बातम्या, ९२-९३ च्या मुंबई दंगलीबद्दल ठाकऱ्यांवर ठपका ठेवणारा तो १९९८ चा अहवाल, मतदानाचा हक्क सहा वर्षं काढून घेतला होता त्याची १९९९ ची बातमी, आणि मार्कंडेय काटजूंच्या लेखाची प्रिंट. काटजू तेव्हा प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष, अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी द हिंदूत लिहिलं होतं की मी या माणसाला श्रद्धांजली वाहू शकत नाही. बहिणीचं म्हणणं हे पण घाल, नाहीतर ती देवाची पोथी होईल. आमचे तात्या, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, ते माझ्यासोबत दुकानात आलेले, ते पाकीट बघून असे भडकले की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. तात्या म्हणाले ही आप्पाची खोकी आहेत, त्यानं जे ठेवलं ते ठेवलं, जे नाही ठेवलं ते तू कोण घालणार, मेलेल्या माणसाच्या खिशात दुसऱ्याची चिठ्ठी कोंबतोस काय.

खरं सांगू का, तात्यांचं मला पटत होतं. आणि बहिणीचंही. फोन स्पीकरवर, दोघं एकमेकांवर ओरडालालेत आणि मध्ये काका शांतपणे दोऱ्याला मेण लावत बसलेले. मी त्यांना विचारलं, काका तुम्ही सांगा, एकात घ्यायचं की दोन पुस्तकं करायची? म्हणाले, "मी तारीख बघून लावतो. मजकूर बघून लावत बसलो असतो तर दुकान चाललं नसतं." मग जरा थांबून दोऱ्याकडं बघतच म्हणाले की तुमचा आज्जा हे कात्रण जपून ठेवला, आमचं चिक्कप्पा (धाकटा चुलता) तवा माटुंग्यात हॉटेलात होतं, शटर ओढून आत बसलं होतं, बोर्डावर दगड पडालालते. काका मूळचे उडुपीकडचे, वडील इथं येऊन स्थायिक झालेले. सीमाप्रश्नावरच्या त्या आंदोलनाच्या आधीपासून सेनेचं मुंबईतल्या दाक्षिणात्यांविरुद्ध चाललेलं होतंच, लुंगी हटाव वगैरे, हे वाचलेलं होतं, पण ज्याच्या हातात आपलं कात्रण आहे तोच असं म्हणाल्यावर काय बोलायचं असतंय. तात्याही गप्प झाले. काकांनी ते १९६९ चं कात्रण उचललं, पट्टीला खळ लावली, बोटानं एकदा वरून खाली सरळ केलं आणि वर ओझं ठेवलं. दुसऱ्या कुठल्याही कात्रणाइतकंच नीट. मी शेवटी म्हटलं एकच पुस्तक, तारखेनं. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता २०१२ चं. १७ नोव्हेंबर, शनिवार, दिवाळी नुकतीच झालेली, डब्यात चकल्या होत्या. त्याआधी तीनचार दिवस सगळे चॅनेल मातोश्रीच्या बाहेर कॅमेरे लावून बसलेले, कोण आत गेलं कोण बाहेर आलं, तब्येत स्थिर, तब्येत नाजूक, परत स्थिर. दुपारी बाळासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा आप्पा टीव्हीसमोर उभेच राहिले, बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कची गर्दी, आकडा प्रत्येकाचा वेगळा, कुणी दहा लाख कुणी वीस लाख, जणू एकेक मोजून आलेत. आप्पांनी १८ आणि १९ तारखेचे सगळे मराठी पेपर अख्खे ठेवलेत. आता ओळीनं वाचताना एक गोष्ट जाणवते ती सांगतो. मराठी पेपरात व्यंगचित्रकार, वक्ता, ठाकरी भाषा, मैदान, माता-भगिनींचा आधार, असं सगळं भरभरून, आणि दंगल एखाद्या परिच्छेदात हळूच उरकलेली. बहिणीच्या पाकिटातल्या इंग्रजी मजकुरात दंगल आधी, माणूस नंतर. आणि दोन्हीकडं आम्ही नाही. बेळगाव एखाद्या वाक्यात येतं, "सीमाप्रश्नासारख्या विषयांवरही त्यांनी आवाज उठवला", बस. "सारख्या"! पन्नासहून जास्त माणसं गेलेल्या गोष्टीला "सारख्या".

मला वाटतं भक्त आणि विरोधक दोघांना मुंबईच दिसते. भक्ताला आमची आठवण सोयीची नाही कारण मग लगेच पुढचा प्रश्न येतो, की १९९५ ते ९९ महाराष्ट्रात सेनेची सत्ता होती तेव्हा बेळगावसाठी काय केलंत, सुप्रीम कोर्टात दावासुद्धा २००४ ला गेला आणि तोही दुसऱ्यांच्या राज्यात. हा प्रश्न आप्पा स्वतः विचारायचे, कात्रण कापता कापता. विरोधकाला आमची आठवण नको कारण मग त्याला हे कबूल करावं लागेल की आमच्या गल्लीत हा माणूस कुणाला मारायला आलेला नव्हता, आमच्या बाजूनं बोलणारा तो एक आवाज होता. आणि आता तर वारसा कुणाचा यावरच कोर्टबाजी, २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं शिवसेनेचं नाव आणि चिन्ह एका गटाला दिलं, दोन्हीकडं एकच फोटो. यंदा २३ जानेवारीला जन्मशताब्दी झाली तेव्हा मी एक जाडजूड पुरवणी घेतली, सगळी चाळली, जाहिराती जास्त, बेळगाव शोधायला चष्मा लागला.

आता ती मागची बाजू. पुस्तक घरी आणून उलटत होतो तर २० नोव्हेंबर २०१२ च्या एका कात्रणाच्या मागं, आप्पांनी पुढची बातमी कापताना जी अर्धी चिरली गेली होती, ती बातमी पालघरची. ठाकरे गेल्यावर झालेल्या मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक. कात्रीनं ओळी अर्ध्यातच तोडलेल्या, "पोस्ट टाकल्याने", "पोलिसांनी दोघींना", "न्यायालयात हजर", बाकी गायब. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली ते सगळं झालं ते सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं. आप्पांनी ती बातमी ठेवली नव्हती, पण ठेवलीही होती. तात्यांना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले हे चिकटवलं असतं तर दिसलं नसतं. एवढंच. बहिणीला फोटो पाठवला तर तिनं काही लिहिलं नाही, नुसता फोन केला आणि आप्पांच्या कात्रीबद्दल बोलत बसली, ती शिंप्याची जड कात्री होती ना, ती.

आता तक्रारी. एक, आठ दिवस म्हणाले आणि सव्वीस दिवस लावले, मध्ये तीन चकरा झाल्या, पार्किंगला जागा नाही, गाडी लांब लावून चालत या. दोन, तारीख तारीख म्हणणाऱ्या काकांनीच कडा कापताना १९ तारखेच्या एका पानाची वरची पट्टी मशिनखाली घातली आणि तारखेची ओळच उडाली. मी दाखवलं तर चेहरा पडला बिचाऱ्यांचा, मग पेन्सिलनं बारीक अक्षरात तारीख लिहून दिली. तीन, सगळ्यात भारी, पाठीवर सोनेरी अक्षरात नाव टाकून घेतलं तर आलं "बाळसाहेब ठाकरे". काना नाही! काका म्हणाले हाताचे टाइप आहेत, काने झिजलेत, तीनच चांगले उरलेत, एक "बा" ला लावला, एक "सा" ला, एक "ठा" ला. म्हणजे ज्या माणसाला बघून मुंबई थरथरायची तो आमच्या पुस्तकावर बाळसाहेब झाला. तात्या मात्र हे बघून पहिल्यांदा हसले.

दर ६५० रुपये, त्यात शिलाई, रेक्झिन, सोनेरी अक्षरं सगळं आलं, जीपे चालतं पण सुट्टे असतील तर काका खूश. स्पायरलवाल्याच्या मानानं महाग, काम बघून स्वस्त. देताना दोन गोष्टी नक्की सांगा, वरची कड कापू नका, आणि नाव आधी पेन्सिलनं लिहून दाखवा. पाचपैकी चार दिले असते, तारीख आणि काना मिळून अर्धा कापला, साडेतीन.

परवा परत गेलो, ती शताब्दीची पुरवणी शेवटी जोडून घ्यायची होती. काकांनी पानं मोजली, म्हणाले हा नवा कागद, चकचकीत, खळ धरत नाही, ठेवून जा बघतो. आणि काना कुठून तरी मागवलाय म्हणे, पुढच्या आठवड्यात येतोय.